आतलं बाहेर केलेलं खोकं

न्यू जर्सीतल्या आमच्या लहानशा वाचक गटाने गेल्या दिवाळीत दिवाळी अंकांचे ३८ संच अमेरिकेतल्या निरनिराळ्या राज्यांत पाठवले. एका संचात दहा अंक. पॅकिंगसाठी अमेरिकी टपाल खात्याची, म्हणजे यूएसपीएसची, फुकट मिळणारी प्रायॉरिटी मेलची (त्यांच्या जलद पार्सल सेवेची) खोकी घेतली. १३ संच प्रायॉरिटी मेलनेच गेले आणि वेळेत पोचले. बाकीचे २५ त्याच खोक्यांत, पण दुसऱ्या सेवेने पाठवायचे ठरले, आणि जो घोळ झाला तो या २५चा. खजिनदार मी होते. खर्चाला होकार माझा होता. म्हणून हे प्रकरण मीच लिहिते आहे, आणि पुढच्या वर्षी एखाद्या गटाला किंवा घरून काही पाठवणाऱ्या कुणाला यातून जायला लागू नये अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एडिसनचं तळघर

मुंबईहून विमानाने आलेले अंकांचे गठ्ठे न्यू जर्सीतल्याच एडिसन गावातल्या एका घराच्या तळघरात उतरले होते. सुतळी सोडली की नव्या छपाईचा वास सगळ्या खोलीत. ज्या घरांत हे अंक जायचे होते त्यांतली बरीच माणसं वर्षभर याचीच वाट बघतात. मिशिगनमधल्या एक आजी फोन करून विचारतात, "निघाले का गं?" त्यामुळे पॅकिंगचं काम आमच्याकडे नुसतं हमालीचं नसतं.

हे काम आमच्या काकांकडे असतं. निवृत्त इंजिनिअर, चाळीस वर्षांहून जास्त इथे राहिलेले, पै-पैचा हिशेब ठेवणारे. त्यांनीच टपाल खात्याच्या वेबसाइटवरून मध्यम आकाराची फ्लॅट रेट खोकी मागवली. ती फुकट मिळतात, पोस्टमन घरी आणून देतो. आतून ११ इंच लांब, साडेआठ इंच रुंद आणि साडेपाच इंच उंच. दहा अंक आडवे रचले की अगदी नेमके बसतात, वर कागदाचे दोन बोळे कोंबायला जागा उरते. वजन भरतं साधारण ११ पौंड, म्हणजे पाच किलो.

फ्लॅट रेट म्हणजे एका खोक्याला एक भाडं. देशात कुठेही पाठवा आणि आत ७० पौंडांपर्यंत काहीही भरा, पैसे तेवढेच. कॅलिफोर्नियाला पाच किलोचं पार्सल पाठवायला यासारखी सोय नाही. पण एडिसनहून फिलाडेल्फिया साठेक मैलांवर आहे. टपाल खातं अंतराचे झोन करतं: ५० मैलांपर्यंत पहिला, १५० मैलांपर्यंत दुसरा, असं करत १,८०० मैलांच्या पलीकडे आठवा. फ्लॅट रेटला झोन नसतात, त्यामुळे फिलाडेल्फियाच्या घरालाही कॅलिफोर्नियाइतकंच भाडं पडतं. वजन आणि अंतरावर भाडं ठरणारी, रस्त्याने जाणारी ग्राउंड सेवा जवळच्या पत्त्यांना स्वस्त पडते. काकांनी पत्त्यांची यादी काढली, लांबचे १३ वेगळे केले, आणि जवळच्या २५ संचांसाठी ग्राउंडचे दर काढले. १६ टपाल खात्याच्या ग्राउंड ॲडव्हांटेज सेवेने, ९ एका खासगी कुरियरच्या ग्राउंड सेवेने. इथपर्यंतचा त्यांचा हिशेब शंभर टक्के बरोबर होता, हे मुद्दाम नोंदवते. चूक फक्त खोक्याची होती.

खोकी आणून ठेवलेलीच होती. काका म्हणाले, "अगं, छापलेली बाजू आत घालू. चिकटवलेली कड सोडवायची, उलटं दुमडायचं, टेप मारायची. खोकं फुकट, लेबल आपलं. कुणाचं काय जातं?"

खोक्याच्या झडपेवर बारीक अक्षरात छापलेलं असतं की हे पॅकिंग टपाल खात्याची मालमत्ता आहे, फक्त प्रायॉरिटी मेलसाठी दिलं आहे, गैरवापर हा केंद्रीय कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि ते विकायचं नाही. मी ते वाचलं होतं. वाचून मनात आलं ते एवढंच की हे त्या मोठ्या व्यापाऱ्यांसाठी असणार. पाच माणसं तळघरात बसून रात्री साडेदहापर्यंत खोकी उलटी करत राहिलो.

आमच्या डोक्यात हा विचार इतक्या सहज का बसला, याचा मी नंतर बराच विचार केला. आमच्या लहानपणी पार्सल म्हणजे मांजरपाटाच्या कापडात शिवलेला गठ्ठा. आई दाभण घेऊन बसायची, वडील टाक्यांवर लाख लावायचे, पत्ता कापडावरच शाईने. डबा आपला, कापड आपलं, पोस्ट फक्त वजन करून तिकिटं लावायला सांगणार. बांधणी आणि भाडं या दोन वेगळ्या गोष्टी, हे आमच्या हाडात मुरलेलं. फ्लॅट रेटच्या खोक्यात त्या दोन्ही एकच झालेल्या असतात. ते खोकं म्हणजेच भाड्याचं माप. एसटीचं तिकीट कोऱ्या बाजूने धरलं म्हणून ते रेल्वेचं तिकीट होत नाही, तसंच हे.

२५ संचांचं काय झालं

आधी कुरियरचे नऊ. त्यांतले चार काका स्वतः कुरियरच्या काउंटरवर घेऊन गेले. तिथल्या मुलीने खोकं हातात घेतलं, कडेला जिथे टेपखालून निळा-लाल पट्टा डोकावत होता तिथे बोट ठेवलं आणि अगदी सौम्यपणे सांगितलं की टपाल खात्याचं खोकं आम्ही घेत नाही, दुसऱ्या खोक्यात भरून आणा. चारही परत आले.

उरलेले पाच आमच्या एका तरुण स्वयंसेवकाच्या गाडीत होते. त्याला सांगितलं होतं "पार्सलं टाकून ये." त्यांतली दोन खोकी उलटी करायची राहूनच गेली होती, वर चक्क प्रायॉरिटी मेल लिहिलेलं. लेबल कुरियरचं, खोकं पोस्टाचं. त्याने खोकं बघितलं आणि पाचही पार्सलं पोस्टाच्या काउंटरवर ठेवून आला. माणूस आधी रंग बघतो, मग अक्षरं वाचतो, त्याला मी कसा दोष देऊ? त्या पार्सलांवर पोस्टाचं भाडंच नव्हतं. पोस्टातल्या बाईंनी ती बाजूला काढून ठेवली, पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून छापलेल्या माझ्या घरी निरोप आला, आणि चार दिवसांनी मी ती उचलून आणली. चार दिवस मिशिगनच्या आजींचा संच एडिसनमध्येच होता.

हा धोका नियमापेक्षा वेगळा आहे आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. पार्सल दहा-बारा हातांतून जातं. त्यांतल्या कुणाही एकाने खोक्यावरचा शिक्का बघून ते चुकीच्या ढिगात टाकलं की प्रवास थांबतो. त्यात खासगी कंपन्यांच्या काही स्वस्त सेवांमध्ये शेवटचा टप्पा टपाल खात्याच्या हाती सोपवण्याची पद्धत राहिली आहे. म्हणजे कुरियरने पाठवलं तरी ज्यांचं खोकं, त्यांच्याच टेबलावर ते जाऊन पडण्याची शक्यता.

आता ग्राउंड ॲडव्हांटेजचे सोळा. ही सेवा टपाल खात्याचीच, ९ जुलै २०२३ पासून सुरू झालेली, जुन्या दोन-तीन सेवा एकत्र करून. काकांचा समज असा की खोकं पोस्टाचं आणि सेवाही पोस्टाची, मग हरकत काय असणार. पण खोकं पोस्टाचं म्हणून पोस्टाच्या कुठल्याही सेवेला चालत नाही. ते एकाच सेवेचं आहे.

लेबलं ऑनलाइन काढली होती. २०१७ पासून टपाल खात्याकडे पार्सलं आपोआप तपासायची व्यवस्था आहे. पार्सलांची वर्गवारी करणाऱ्या यंत्रावरून जाताना वजन, लांबी-रुंदी आणि पॅकिंगचा प्रकार नोंदवला जातो आणि लेबलावर भरलेल्या पैशांशी ताडला जातो. फरक निघाला की तो लेबल काढणाऱ्याच्या खात्यातून वळता होतो. सोळापैकी अकरा संचांचा फरक असा माझ्या खात्यातून गेला, तोही एकदम नाही, दोन आठवडे एकेक करून. हिशेबाच्या वहीत रोज एक ओळ वाढत होती.

दोन पार्सलं वाटेत कुणाच्या तरी नजरेला पडली आणि थेट घरपोच वसुलीला गेली. ज्या दोन कुटुंबांनी वर्गणी आधीच भरली होती, त्यांच्या दारात पोस्टमन उरलेलं भाडं मागायला उभा. एकांनी काही न बोलता भरलं आणि आम्हाला कळवलंही नाही. दुसऱ्यांनी फोन केला, रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, "काही चुकलं का आमचं?" या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य.

तीन संच मात्र बिनबोभाट पोचले. हे सांगायला हवं, कारण "आम्ही तर नेहमी असंच पाठवतो" म्हणणारी माणसं भेटतात आणि ती खोटं बोलत नसतात. त्यांची पार्सलं त्या तीनांत गेलेली असतात.

आणि पोचलेल्यांपैकी एका खोक्याचा कोपरा फुटला होता. खोकं उलटं करायचं तर कारखान्यात चिकटवलेली उभी कड फाडावी लागते. त्या कडेवरच खोक्याची ताकद असते. पाच किलो कागद आत आणि बाहेरून नुसती टेप. दोन अंक वाटेतच पडले. शिवाय काकांनी जुन्या सवयीने वरून सुतळी बांधली होती. सुतळी आणि वरून गुंडाळलेला खाकी कागद वर्गवारीच्या यंत्रात अडकतो, म्हणून टपाल खातं ते दोन्ही नको म्हणतं.

नियम काय म्हणतो

देशांतर्गत टपालाच्या नियमपुस्तिकेत हे स्पष्ट आहे. प्रायॉरिटी मेलच्या खोक्यात पाठवलेल्या कुठल्याही वस्तूला प्रायॉरिटी मेलचाच दर लागतो, मग खोकं कसंही दुमडलेलं असो, छापील खुणा कशाही झाकलेल्या असोत. उलटं करणं, रंग फासणं, कापून दोन लहान खोकी करणं, कशानेच फरक पडत नाही. ज्याने हे कलम लिहिलं त्याने आमच्यासारखी बरीच तळघरं पाहिली असणार.

ही झाली पैशांची बाजू. कायद्याची बाजू अमेरिकी संहितेच्या १८व्या शीर्षकातल्या कलम १७०७ मध्ये आहे. टपाल खात्याची मालमत्ता चोरणं किंवा तिच्या ठरलेल्या कामाखेरीज दुसऱ्या कामाला वापरणं, दोन्ही त्यात येतं. शिक्षा दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि मालमत्तेची किंमत १,००० डॉलरच्या आत असेल तर कैद एक वर्षापर्यंत. पंचवीस खोक्यांसाठी आम्हाला कुणी कोर्टात उभं केलं असतं असं मी म्हणत नाही. पण सार्वजनिक वर्गणीवर चालणाऱ्या गटाने एखाद्या कलमाच्या कक्षेत जाऊन पैसे वाचवावेत, हे मला स्वतःला मान्य नाही.

काकांचा "कुणाचं काय जातं" हा प्रश्न मी सोडून देणार नाही, कारण तो खरा प्रश्न आहे. टपाल खातं रोजचा कारभार मुख्यतः टपालाच्या आणि सेवांच्या विक्रीवर चालवतं, करांच्या पैशावर नाही. फुकट खोक्याचा पुठ्ठा, छपाई, घरी आणून देणं, हे सगळं प्रायॉरिटी मेलच्या भाड्यात धरलेलं असतं. ते खोकं घेऊन आपण कुरियरकडे गेलो की खोक्याचे पैसे कुणीतरी प्रायॉरिटी मेल पाठवणारा भरतो. आमच्या १३ संचांच्या भाड्यात त्या २५ खोक्यांचा थोडा थोडा खर्च होताच.

खासगी कंपन्यांचं धोरण यापेक्षा फार वेगळं नाही. यूपीएसची फुकट मिळणारी एक्स्प्रेस खोकी त्यांच्या हवाई सेवांसाठी असतात. त्यांत ग्राउंडने पाठवलं तर हवाई दर लागतो. फेडेक्सचं एक्स्प्रेसचं फुकट पॅकिंगही त्यांच्या ग्राउंड सेवेसाठी नसतं. विकत घेतलेल्या खोक्याची गोष्ट निराळी. पोस्टाच्या दुकानात मांडणीवर किंमत लावून ठेवलेलं खोकं पैसे देऊन घेतलं की ते आपलं, हवं तिथून पाठवावं. त्यावर कुणाचं नाव छापलेलं असेल तर मात्र ते झाकून टाकावं, नाहीतर आमच्या तरुण मित्रासारखा गोंधळ व्हायचा. ॲमेझॉनचं रिकामं खोकंही चालतं, फक्त जुनं लेबल आणि बारकोड पूर्ण काढून टाकायचा, कारण यंत्राला जुना बारकोड आधी दिसला तर पार्सल मागच्याच पत्त्यावर निघतं. दारूच्या बाटल्यांची खोकी फार भक्कम असतात, पण वरची नावं आणि खुणा झाकल्याशिवाय पोस्ट ती घेत नाही.

आमच्यातल्या एकीने मीडिया मेल सुचवला होता. पुस्तकांसाठीची ती स्वस्त सेवा. पण जाहिराती असलेली मासिकं तिच्यात बसत नाहीत, आणि दिवाळी अंकाचा खर्च तर जाहिरातींवरच निघतो. मीडिया मेलचं पार्सल टपाल खातं उघडून तपासू शकतं. तो मार्ग तिथेच सोडला.

दुरुस्ती

नऊ संच साध्या कोऱ्या खोक्यांत भरून पुन्हा निघाले, यावेळी योग्य काउंटरवरून. फुटलेल्या खोक्याच्या घरी दोन अंक वेगळे पाठवले. दोन कुटुंबांना त्यांनी भरलेलं भाडं परत केलं. सगळं जमेस धरता, सरळ २५च्या २५ फ्लॅट रेटने पाठवले असते तर जितका खर्च झाला असता त्याहून जास्तच झाला, कारण वळता झालेला फरक होता, कुरियरची वाया गेलेली लेबलं होती, आणि दुसऱ्यांदा घेतलेली खोकी होती.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. प्रायॉरिटी मेलची फुकट खोकी दोन जातींची असतात. एक फ्लॅट रेटची, दुसरी साधी, ज्यांना वजन आणि झोनप्रमाणे भाडं लागतं. जवळच्या झोनला दुसऱ्या जातीचं खोकं बरेचदा फ्लॅट रेटपेक्षा कमी पैशांत जातं. म्हणजे फुकट खोकंही हवं आणि जवळचं भाडंही कमी हवं, या दोन्ही गोष्टी नियमात राहून मिळण्याची सोय होती. दोन्हींवर छपाई इतकी सारखी की आम्ही वेगळी म्हणून ती पाहिलीच नाहीत. आता यादी करताना प्रत्येक पत्त्यासमोर आधी झोन लिहितो, मग वजन, मग तीन दर: फ्लॅट रेट, साधी प्रायॉरिटी, आणि कोऱ्या खोक्यातला ग्राउंड. सेवा ठरली की मगच खोकं. आधी आम्ही नेमकं उलट करत होतो, खोकं हातात आणि मग सेवा शोधत होतो.

काका काही दिवस गप्प होते. मी त्यांना फोन केला तेव्हा म्हणाले, "माझ्यामुळे त्या बाईंना वाटलं त्यांचं काही चुकलं." मी म्हटलं, "काका, सही माझी होती." त्यावर ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी तळघरात उरलेली न उघडलेली खोकी, दोन पूर्ण गठ्ठे, त्यांनी गाडीत घातली आणि पोस्टात परत नेऊन दिली. तिथल्या बाईंनी ती मोजून मांडणीवर लावली.

यंदाचे अंक यायला अजून तीन महिने आहेत. काकांनी आतापासून किराणा दुकानातून एकाच मापाची रिकामी खोकी जमवायला सुरुवात केली आहे. परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ते जाड काळ्या मार्करने जुने बारकोड खोडत बसले होते, आणि शेजारी वहीत मिशिगनच्या आजींच्या नावापुढे झोन लिहिलेला होता.